तिकडे बसलेला माणूस कोणता शब्द टाकतो?

२०२४च्या जूनमध्ये आमच्या कंपनीत एक लाइन इन्स्पेक्टर हवा होता. आमच्याकडे एचआरला एकच मुलगा आहे. तो म्हणाला, "मॅडम, अर्धा तास बसा माझ्याशेजारी. काम तुमचं आहे, माणूस कुठला चालेल ते तुम्हीच सांगा." मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघते. पंपाची केसिंग, ब्रेक ड्रम अशी बिडाची कास्टिंग आमच्याकडे मशिनिंगला येतात. मी खुर्ची ओढून बसले. त्याने नोकरी डॉट कॉमवरचं कंपनीचं खातं उघडलं आणि शोधायच्या चौकटीत तीन शब्द टाकले: बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन), पीडीआय (माल पाठवण्याआधीची तपासणी), आयएटीएफ (वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक). ठिकाणात सांगली, कोल्हापूर, कराड. अनुभव २ ते ५ वर्षं. शेवटी, ज्यांनी अलीकडे आपलं खातं उघडून पाहिलंय तेवढेच दाखव, अशी खूण केली आणि एंटर मारलं.

३१ नावं आली. त्याने वरची १२ उघडली, एकेकाला अर्धा मिनिट दिलं असेल. ५ जणांना फोन लावले. त्यातल्या दोघांनी उचललाच नाही. उरलेल्या तिघांना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि त्यातला एक घेतला. शोधायचं आणि फोनचं काम ४० मिनिटांत उरकलं होतं.

त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून ते गेलं नाही, कारण दीड-दोन वर्षांपूर्वी त्या यादीच्या पलीकडे मी होते. आमच्या गल्लीतली, माहेरची, भाच्याची मित्रमंडळी मला नोकरीचं विचारायला येतात, तेव्हा मी हाच प्रसंग आधी सांगते. ऑनलाइन नोकरी शोधायची म्हणजे जाहिराती बघून अर्ज करत बसायचं, असं सगळ्यांना वाटतं. पण तुम्ही जाहिरात शोधत असता त्याच वेळी तिकडे कुणीतरी माणूस शोधत असतो. तो चार शब्द टाकतो. ते शब्द तुमच्या खात्यात असले तर तुम्ही त्याला दिसता. नसले तर तुमचं दहा वर्षांचं काम त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

माझे शब्द जुने झाले होते

मी मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि पुढची दहा वर्षं इनकमिंगपासून फायनलपर्यंत इन्स्पेक्शनचं काम केलं. २०१६ला धाकटीच्या वेळी नोकरी सोडली. दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. मग सासूबाईंचं आजारपण, मग २०१९चा महापूर, मग कोरोना. सहा वर्षं गेली. २०२२च्या नोव्हेंबरात जुना बायोडेटा काढला, त्यात पत्ता आणि फोन नंबर बदलला आणि अर्ज करायला लागले. दोन महिन्यांत साठेक ठिकाणी अर्ज केले. एकही फोन आला नाही. मी मनाशी धरलं, की मधल्या सहा वर्षांमुळे कुणी विचारत नाही.

जानेवारीत लिंक्डइनवर आमचे जुने क्यूए म्हणजे गुणवत्ता विभागाचे मॅनेजर सापडले. ते आता चाकणला असतात. मी बायोडेटा पाठवला, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "अगं, टीएस १६९४९ आता आहे कुठं? तू सोडून गेलीस त्याच वर्षी आयएटीएफ आलं. लोक आयएटीएफ टाकून शोधतात आणि तू टीएस लिहून बसलीयस. सापडणार कशी?"

खरंच तसं झालं होतं. वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं ते मानक २०१६च्या ऑक्टोबरात बदललं आणि त्याचं नाव आयएटीएफ १६९४९ झालं. नुसता शब्द बदलून भागणार नव्हतं, कारण मुलाखतीत त्यावरच विचारणार. मग महिनाभर रोज दुपारी मुली शाळेत असताना मी बसले. एफएमईए म्हणजे काय काय बिघडू शकतं ते आधीच मांडायची पद्धत; तिच्यात २०१९ला आरपीएन या धोक्याच्या आकड्याच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे आधी कशावर उपाय करायचा ती पातळी, आली, हे मला तेव्हा कळलं. इंटर्नल ऑडिटरचं दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण केलं. मग बायोडेटात लिहिलं, "आयएटीएफ १६९४९, पूर्वीचं टीएस १६९४९". पहिला फोन नवव्या दिवशी आला.

म्हणून सगळ्यात आधी शब्द गोळा करा. तुम्हाला जे काम हवंय त्याच्या १० जाहिराती उघडा. त्या पुण्याच्या असल्या तरी चालतील, इथे शब्द बघायचेत. एका वहीत प्रत्येक जाहिरातीतले कामाचे शब्द जसेच्या तसे उतरवा: यंत्रांची नावं, सॉफ्टवेअरची नावं, रिपोर्टची नावं, प्रमाणपत्रं. 'मेहनती', 'टीमवर्क' हे सोडून द्या, ते टाकून कुणी शोधत नाही. दहा जाहिरातींत जे शब्द पाच-सहा वेळा आले, त्यातले तुम्हाला खरोखर येणारे कोणते, त्याला खूण करा. तेच तुमच्या खात्यात आणि बायोडेटात गेले पाहिजेत, त्याच स्पेलिंगने. संक्षेप असेल तर संक्षेपही लिहा आणि पूर्ण नावही. कोण काय टाकेल सांगता येत नाही.

माझे एक चुलतदीर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांचा बायोडेटा एका ओळीचा होता: हिशेबाचं काम, १२ वर्षं, प्रामाणिक. मी म्हटलं, "भाऊजी, सकाळी पेढीवर गेल्यापासून काय काय करता ते सांगा, मी लिहून घेते." ते म्हणाले, "वहिनी, काय विशेष नाही हो. सौद्याचे भाव उतरवायचे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, टॅलीत टाकायचं." मी विचारत गेले. ट्रकबरोबरचं ई-वे बिल कोण काढतं? तेच. जीएसटीचं रिटर्न? सीएकडे जाण्याआधी सगळी जुळवाजुळव तेच करतात. बँकेचा ताळमेळ? तेच. खरेदीदारांची येणी? दर शनिवारी यादी तेच काढतात आणि फोनही तेच करतात. बाजार समितीचा सेस? तोही. दीड पान भरलं. मग आम्ही जाहिरातींची वही शेजारी ठेवली. त्यांच्या 'येण्यांच्या यादी'ला तिकडे 'अकाउंट्स रिसिव्हेबल' म्हणतात, 'ताळमेळा'ला 'बँक रिकन्सिलिएशन'. काम तेच होतं, नाव वेगळं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. आज ते तिथेच आहेत.

तुम्हाला स्वतःचं काम लिहिता येत नसेल तर असं कुणाला तरी समोर बसवा आणि सांगत जा. आपण रोज करतो ते काम आपल्याला काम वाटेनासं होतं.

खाती कुठं उघडायची

दहा ठिकाणी अर्धवट खाती उघडण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण भरा. तीन-चार वर्षांपेक्षा जास्त अनुभव आणि डिप्लोमा किंवा पदवी असेल तर नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन. नोकरी डॉट कॉम १९९७पासून आहे आणि आपल्या भागातले मधल्या आकाराचे कारखाने माणूस शोधायला अजूनही तिथेच जातात, हे मी रोज बघते. दहावी-बारावी, आयटीआय, दुकान, डिलिव्हरी, टेलिकॉलिंग, ऑफिस असिस्टंट अशा कामांना अपना आणि वर्कइंडिया ही ॲप जास्त उपयोगी पडतात. तिथे लांबलचक बायोडेटा लागत नाही आणि थेट फोन होतो. नुकतेच पास झालेल्यांनी अप्रेंटिसशिपची सरकारी पोर्टलं आधी धरावीत. आयटीआयवाल्यांना अप्रेंटिसशिप इंडिया, डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांना एनएटीएस (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम). १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली मिळणारं ते प्रशिक्षण आहे, विद्यावेतन मिळतं आणि 'अनुभव आहे का' या प्रश्नाला वर्षभरानंतर उत्तर तयार होतं.

केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) आणि राज्याचं महास्वयम् या दोन्ही रोजगार पोर्टलांवर नोंदणी फुकट आहे. जिल्ह्यातले रोजगार मेळावे महास्वयम् वर कळतात, तिथेच नाव नोंदवून जाता येतं. मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या १० प्रती न्या. २०२४ला राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्याची नोंदणीही महास्वयम् वरच होती. बारावीला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. आमच्या शेजारची मुलगी त्यातून एका कार्यालयात सहा महिने होती. ती कायम नोकरी नव्हे हे धरून गेली आणि संगणकावरचं काम शिकून आली. तसं जायला हरकत नाही.

नोकरी डॉट कॉमवर चार गोष्टींकडे नीट लक्ष द्या. पहिली, वरची हेडलाइन. "चांगल्या संधीच्या शोधात" असं लिहू नका. "क्वालिटी इन्स्पेक्टर, सीआय कास्टिंग मशिनिंग, १० वर्षं, आयएटीएफ" असं लिहा. सीआय म्हणजे बीड. दुसरी, ठिकाण. नुसतं सांगली ठेवलं तर तुम्ही अर्ध्या शोधांतून गळता. आपल्याकडच्या माणसाने सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, सातारा एवढी तरी ठेवावीत. कुपवाडमधून माणूस शोधणारा कोल्हापूर टाकतोच, शिरोली-कागलवाला सांगली टाकतो. तिसरी, नोटीस पीरियड. लगेच येऊ शकत असाल तर तसं स्पष्ट लिहा. लहान कारखान्यांना माणूस उद्याच हवा असतो. चौथी गोष्ट कुणी सांगत नाही: दर आठवड्याला खात्यात काहीतरी बदला. एखादा शब्द वाढवा, एखादं वाक्य सुधारा. आमच्या एचआरने शेवटी जी खूण केली होती ती आठवा. सहा महिने न उघडलेलं खातं त्या यादीत येतच नाही. माझा नेम सोमवारी सकाळी डबे भरून झाले की ९च्या आत दहा मिनिटं, असा होता.

सध्या नोकरीत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन आपल्या कंपनीला आपलं खातं दिसू नये अशी सोय आधी करून घ्या. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'चे दोन प्रकार आहेत: एक फोटोभोवती हिरवी कड आणून सगळ्यांना दाखवतो, दुसरा फक्त रिक्रूटरना. नोकरीत असणाऱ्याने दुसरा घ्यावा. तोही शंभर टक्के गुप्त राहील याची हमी लिंक्डइन देत नाही, हे लक्षात असू द्या.

बायोडेटा दोन पानांच्या आत, साधा, एका रकान्याचा करा. दोन रकान्यांचे, रंगीत, गोल-चौकोनांचे नमुने दिसायला छान असतात, पण साइटला ते नीट वाचता येत नाहीत आणि तुमचा अनुभव भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. वर्डमध्ये करून पीडीएफ काढा. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो चढवू नका, त्यातले शब्द शोधात येत नाहीत. फाइलला आपलं नाव आणि काम द्या. आमच्या एचआरच्या संगणकावर 'रिझ्यूम न्यू फायनल' नावाच्या कितीतरी फायली पडून आहेत, कुठली कुणाची ते त्यालाही उघडल्याशिवाय कळत नाही.

इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठीत लिहा. मग चॅटजीपीटी किंवा गूगल ट्रान्सलेटकडून इंग्रजी करून घ्या. पण आलेला शब्द न् शब्द वाचा. माझ्या भाच्याने तसंच उचलून चढवलं. त्यात 'सिक्स सिग्माचं ज्ञान' असं आलेलं. ती गुणवत्ता सुधारायची एक पद्धत, जी तो कधी शिकलेलाच नव्हता. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावर आला. पोरगा घरी येऊन दोन दिवस बोलला नाही. बायोडेटातल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे, नाहीतर ती ओळ काढा.

मधली वर्षं लपवू नका. मी लिहिलं, "२०१६ ते २०२२: कौटुंबिक जबाबदारी. २०२३: आयएटीएफ इंटर्नल ऑडिटर प्रशिक्षण." लिंक्डइनवर २०२२पासून 'करिअर ब्रेक' अशी वेगळी नोंदच करता येते. मुलाखतीत मला त्याबद्दल एकदाच विचारलं, एका वाक्यात उत्तर दिलं आणि साहेबांनी समोर मापं घ्यायचा व्हर्निअर ठेवला.

ओळख काढायची कशी

लिंक्डइनवर पुष्कळ मुलं नुसतं खातं उघडतात आणि बसून राहतात. तिथे जाऊन माणसं शोधायची असतात. आपल्या कॉलेजचं पान उघडा. तिथून शिकून गेलेले लोक आज कुठल्या गावात, कुठल्या कंपनीत आहेत ते दिसतं. तंत्रनिकेतनच्या पानावरून मला माझ्या आणि मागच्या-पुढच्या बॅचची कितीतरी माणसं सापडली. मग जुन्या कंपनीचं नाव टाकून, तिथून बाहेर पडलेले कुठं गेले ते बघितलं. अशी ३४ नावं वहीत लिहिली.

त्यांना काय लिहायचं, इथे सगळे अडतात. "सर, काही जॉब असेल तर सांगा" असं लिहिलं तर समोरचा काय सांगणार? त्याला विचार करावा लागेल असं काही मागू नका, सहज उत्तर देता येईल असं विचारा. मी हे पाठवत होते:

"नमस्कार सर. मी २००६ ते २०१६ आपल्याच जुन्या कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शनला होते. आता परत काम सुरू करतेय. सध्या इन्स्पेक्टरकडून काय काय यायला हवं असतं, एवढं सांगाल का?"

ओळख जोडायच्या विनंतीबरोबर जाणारी चिठ्ठी लहानच लागते, आणि फुकट खात्यातून महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या जातात. म्हणून त्या जपून वापरा. आधी ज्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिलंय त्यांना पाठवा. ३४पैकी ११ जणांचं उत्तर आलं. त्यातले एक ते चाकणचे सर. एका जुन्या मैत्रिणीने सांगितलं, "अगं, आमच्या शेजारच्या प्लॉटवर क्वालिटीला बाई हवीय म्हणतात, पण त्यांनी कुठं जाहिरात दिली नाही." आज मी त्याच प्लॉटवर आहे.

जाहिरात न देणारे कारखाने

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुपवाड, मिरज, पलूस, शिराळा, कुठलीही एमआयडीसी घ्या. २० ते ५० माणसांचे वर्कशॉप कुठल्याच साइटवर जाहिरात देत नाहीत. फाटकावर पाटी लावतात, नाहीतर कामगारांनाच 'कुणी असेल तर आण' म्हणून सांगतात. पण गूगल मॅप्सवर ते असतात, कारण त्यांना माल नेणारे ट्रकवाले यायला हवे असतात.

मॅप्समध्ये इंग्रजीत 'सीएनसी मशिनिंग कुपवाड' असं टाका. कुपवाडचं स्पेलिंग कुणी डब्ल्यूने करतं, कुणी व्हीने, दोन्ही टाकून बघा. मग 'फाउंड्री', 'फॅब्रिकेशन', 'पॅकेजिंग', 'कोल्ड स्टोरेज', जे तुमच्या कामाचं असेल ते. प्रत्येक ठिपक्याला हात लावला की नाव, फोन, फोटो येतात. फोटो नीट बघा. आतल्या मशीन दिसतात, त्यावरून तिथे तुमचं काम आहे का कळतं. मी एका दुपारी अशी २७ नावं काढली आणि त्यांना 'जवळ', 'एक बस', 'दोन बस' अशा खुणा केल्या. मला माधवनगरहून जायचं होतं आणि संध्याकाळी मुली शाळेतून यायच्या आत घर गाठायचं होतं, म्हणून 'दोन बस' असलेली सगळी खोडली. नोकरी मिळाल्यावर येण्याजाण्याचा विचार करू म्हणणाऱ्या बायका दोन महिन्यांत सोडतात, मी तीन जणींना सोडताना बघितलंय. तो विचार आधी करा.

फोन सकाळी ११च्या पुढे किंवा दुपारी ३च्या सुमाराला करा. शिफ्टच्या तोंडावर करू नका, तेव्हा उचलणाऱ्याच्या मागे दहा कामं असतात. "नमस्कार, तुमच्याकडे इन्स्पेक्शनचं काम कोण बघतं? त्यांना माझा बायोडेटा व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का?" एवढंच. बहुतेक जण हो म्हणतात. पाठवताना बायोडेटाबरोबर दोन ओळी लिहा, नुसती फाइल टाकू नका. आठवड्याने एकदाच आठवण करा.

हे सगळं वहीत मांडा. तारीख, कंपनी, कुठून कळलं, कुणाशी बोलणं झालं, पुढे काय. कुणाचा फोन आला आणि तुम्ही "कुठल्या कंपनीतून?" असं विचारलंत, तर समोरच्याला कळतं, की हा सगळीकडेच अर्ज टाकत सुटलाय. आणि त्या काळात अनोळखी नंबर उचला. आमच्या एचआरने ज्या दोघांना लावला आणि ज्यांनी उचलला नाही, त्यांतला एक मला कागदावर सगळ्यांत चांगला वाटला होता. त्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलटा फोन केला, तोवर आमचं ठरलं होतं.

पैसे मागितले की थांबा

२०२२च्या डिसेंबरात मला एक मेसेज आला होता. मोठ्या कंपनीचं नाव, लेटरहेड, शिक्का, पगार २८,०००. मुलाखत फोनवरच पाच मिनिटांत झाली. मग युनिफॉर्म आणि मेडिकलचे १,८५० रुपये भरा म्हणाले, पहिल्या पगारात परत मिळतील. मी भरले. दोन महिने कुणी विचारत नव्हतं, आणि कुणीतरी 'तुम्हाला घेतलंय' म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी पोलीस पडताळणीचे ४,००० मागितले तेव्हा माझे डोळे उघडले. नंबर बंद झाला. ज्या कंपनीचं नाव वापरलं होतं तिचा त्यात काही हात नव्हता, तिचं नुसतं नाव चोरलेलं. तो दिवस मी विसरत नाही, म्हणून हे सविस्तर सांगते.

नोकरी देणारा पैसे मागत नाही. नोंदणी, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रशिक्षण, कुठल्याही नावाने मागितले की तिथेच थांबा. मेल जीमेलवरून आलाय का कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून, ते बघा. कंपनीच्या वेबसाइटवरचा फोन स्वतः शोधून तिथे विचारा, मेसेजमधल्या नंबरवर नको. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाका, नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे का ते फुकट दिसतं. कंपनीची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवरही बघता येते. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करून रोजचे पैसे देणारे पहिल्या दिवशी खरोखर दोनशे-तीनशे देतात आणि मग तुमच्याकडून भरायला लावतात. त्या वाटेला जाऊ नका. ओटीपी, आधारचा फोटो, बँकेचं पासबुक मुलाखतीआधी कुणालाही देऊ नका.

पैसे गेलेच तर लाज धरून घरात बसू नका. लगेच १९३० नंबरला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. मी तीन दिवस कुणाला सांगितलंच नाही, तोवर पैसे गेले होते.

व्हॉट्सॲपवरच्या 'सांगली जॉब्स'सारख्या ग्रुपांत राहायला हरकत नाही. पण तिथली जाहिरात कितीव्यांदा फिरून आलीय कुणालाच माहीत नसतं. कंपनीचं नाव आणि पत्ता नसलेली जाहिरात मी पुढे पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका.

कागदपत्रं

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या गुणपत्रिका होत्या. पाणी उतरल्यावर तो गठ्ठा नुसता लगदा झालेला. दुय्यम प्रती काढायला किती खेटे घातले ते माझं मला माहीत. आता दहावी-बारावीच्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात. तेवढ्या आजच काढून ठेवा. डिप्लोमा, डिग्री, जुन्या कंपनीचं अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या स्कॅन करून मेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा. पीएफचा यूएएन नंबर शोधून ठेवा, नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात मागतात. नदीकाठच्या गावांतल्या लोकांना तर मी हात जोडून सांगते.

रुजू झाल्यावर दोन कामं लगेच करायची. लिंक्डइनवरची 'कामाच्या शोधात' ही खूण काढायची, आणि वहीतल्या ज्या ज्या माणसांनी उत्तर दिलं होतं त्यांना कळवायचं. मी २०२३च्या एप्रिलमध्ये त्या अकरा जणांना लिहिलं, "सर, कुपवाडला लागले. तुम्ही सांगितलेलं कामाला आलं." चाकणच्या सरांनी तेव्हा नुसता अंगठा पाठवला होता. पुढच्या दिवाळीत त्यांचाच मेसेज आला: सीएमएम (मापं तपासायचं यंत्र) चालवणारं सांगलीकडचं कुणी पोरगं आहे का, राहायची सोय आम्ही करतो. भाच्याचा एक मित्र तेव्हा रिकामा होता. मी त्याला रविवारी घरी बोलावलं, वही समोर ठेवली आणि म्हटलं, "सकाळी मशीन सुरू केल्यापासून काय काय करत होतास, सांग. मी लिहून घेते."